वैयक्तिक संगणकावरील लिनक्सचा दैनंदिन वापर : महाविद्यालयीन अध्यापकांच्या मराठी कामकाजाच्या संदर्भात

प्रस्तावना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आवश्यक असल्याने, एरवी सुस्थितीत चालणारे अनेक संगणक त्या प्रणालीस अपात्र ठरतात. कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांचा विचार केला तर हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. विभागात पाच-सात वर्षांपूर्वी अनुदानातून घेतलेला संगणक निकालात काढायचा, सुरक्षा-दुरुस्तीविना तसाच चालू ठेवायचा, की त्यावर दुसरी प्रणाली बसवायची, असा तो रोखठोक प्रश्न आहे. तिसरा पर्याय बहुतेक वेळा लिनक्स हा असतो आणि बहुतेक वेळा तो 'आपल्याला जमणार नाही' म्हणून बाजूला ठेवला जातो.

ही भीती सर्वस्वी निराधार नाही. महाराष्ट्रातील सुशिक्षितांच्या एका मोठ्या वर्गाची संगणकाशी पहिली ओळख एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून झाली आणि ती ओळख विंडोज व एमएस ऑफिस यांचीच होती. परिणामी 'संगणक येतो' याचा अर्थ 'विंडोज येते' असा रूढ झाला. लिनक्सवर रोजचे काम करताना अध्यापकाला नेमका कोठे सुखद अनुभव येतो, कोठे ठेच लागते आणि मराठी मजकुराचे काय होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लिनक्स म्हणजे काय

हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. ती प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, होती. या गाभ्याभोवती लागणारी पुष्कळशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आधीच तयार झाली होती. दोहोंच्या संयोगातून आजची प्रणाली उभी राहिली. म्हणून काही अभ्यासक 'ग्नू-लिनक्स' असे जोडनाव वापरण्याचा आग्रह धरतात व तो गैरवाजवी म्हणता येत नाही. ग्नू जीपीएल या परवान्यानुसार प्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. चोरून उतरविलेल्या प्रतीची टोचणी येथे संभवतच नाही. ही गोष्ट आपल्याकडे मोठ्याने बोलली जात नाही. परंतु विभागातील किती संगणकांवरील आज्ञावल्या रीतसर परवान्याच्या आहेत, हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

गाभा, साधने व उपयोजने एकत्र बांधून दिलेल्या संचास 'डिस्ट्रिब्युशन', म्हणजे वितरण, म्हणतात. १९९३ मध्ये सुरू झालेले डेबियन, त्यावर आधारलेले व ऑक्टोबर २००४ पासून प्रसिद्ध होणारे उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट ही त्यांतील परिचित नावे. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांच्या सोयींसह बॉस हे वितरण काढले. नवख्या माणसाने नावांच्या या गर्दीत फार वेळ घालवू नये. कमी मेमरीच्या जुन्या संगणकासाठी मिंटची हलकी आवृत्ती व तुलनेने नव्या संगणकासाठी उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती, एवढी निवड पुरेशी आहे.

पहिले काही दिवस

लिनक्स बसविण्यापूर्वी ते चालवून पाहता येते, ही सोय अनेकांना माहीत नसते. पेनड्राइव्हवर वितरणाची प्रतिमा उतरवून संगणक त्यावरून सुरू केला की हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, ध्वनी, पडदा व मुद्रक यांची चाचणी घेता येते. या चाचणीत वाय-फाय चालले नाही तर बसविल्यानंतरही ते आपोआप चालेल असे मानू नये.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसविणे, म्हणजे 'ड्युअल बूट', हा बहुतेकांचा पहिला मार्ग असतो. त्यात दोन गमतीदार अडचणी हमखास येतात. पहिली घड्याळाची. संगणकाच्या अंतर्गत घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ नोंदविते, तर विंडोज त्याच आकड्याला स्थानिक वेळ समजते. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेले दिसते. संगणकाचा सेल संपला असे समजून दुरुस्तीवाल्याकडे धाव घेण्याचे कारण नाही; लिनक्सलाही स्थानिक वेळ नोंदविण्यास सांगणारी एक आज्ञा दिली की प्रश्न मिटतो. दुसरी अडचण विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप' या सोयीची. या सोयीमुळे विंडोज पूर्णपणे बंद न होता अर्धवट निद्रिस्त राहते आणि लिनक्समधून पाहिल्यास तिची डिस्क केवळ वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. ही सोय बंद करावी लागते. नव्या लॅपटॉपवर डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास तिची रिकव्हरी-की आधी लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. याबाबत हयगय झाल्यास साऱ्या फाइली गमावण्याची पाळी येऊ शकते.

रोजच्या व्यवहारातील सर्वांत ठळक फरक पेनड्राइव्हच्या बाबतीत जाणवतो. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हमधील सर्व फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसणे, हा अनुभव कोणत्याही अध्यापकाला नवा नाही. विंडोजसाठी लिहिलेला तो विषाणू मूळ फोल्डर लपवितो, पुसत नाही. लिनक्सवर तोच पेनड्राइव्ह उघडला असता लपविलेले फोल्डर सामान्यतः सरळ दिसतात आणि विषाणूची फाइल निष्क्रिय पडून राहते. लिनक्सला विषाणू लागूच शकत नाही, असा याचा अर्थ मात्र नव्हे.

दुसरा फरक वीज गेल्यावर कळतो. आषाढ-श्रावणातील कोल्हापुरात हा प्रसंग दुर्मीळ नाही. लिनक्समधील एक्स्ट-४ ही फाइल-व्यवस्था डिस्कवरील रचनेत बदल करण्यापूर्वी त्याची टिपणी 'जर्नल'मध्ये करते. व्यापारी प्रथम रोजकीर्दीत नोंद करतो व मग ती खतावणीत चढवितो, तसाच हा प्रकार. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द पाहून खतावणी जुळविली जाते. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही हेच तत्त्व आहे. तथापि जतन न केलेला परिच्छेद कोणतीही प्रणाली परत आणून देत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न

खरा कस लागतो तो मराठीत. लिनक्सवर मराठी 'चालते का', हा प्रश्न आता कालबाह्य झाला आहे; ते 'कसे' चालते हे समजून घेणे अगत्याचे आहे.

येथे थोडा इतिहास पाहिला पाहिजे. श्री-लिपीसाठी प्रसिद्ध असलेल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये 'लोहित' या नावाने मुक्त परवान्याखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावातील लाल टोपीचा हा संस्कृत अवतार म्हणावयाचा. त्यानंतर मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्त', आयआयटी मुंबईचा 'शोभिका', गुगलचा 'नोटो' अशी देवनागरी फॉन्टची चांगली मालिका निःशुल्क उपलब्ध झाली. ग्नोम व केडीई या पडद्यावरील मांडण्यांचे मराठी भाषांतरही पुण्यातील भाषांतरकार व स्वयंसेवक यांच्या श्रमातून झाले. त्या भाषांतरातील परिभाषा मात्र ठिकठिकाणी बदलत जाते, म्हणून पुष्कळ वापरकर्ते मराठी लिहितात पण मेनू इंग्रजीतच ठेवतात. यात गैर काही नाही.

टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक बहुतेक वितरणांत आयता मिळतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आखलेल्या या मांडणीत स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. ज्यांना इंग्रजी अक्षरांच्या आधारे उच्चारानुसारी मराठी लिहिण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी आयबस या साधनातून तशा मांडण्याही जोडता येतात. एकदा जोडल्यावर दोन कळा एकत्र दाबून भाषा बदलता येते. चंदगड-बेळगाव भागातील अध्यापकाला मराठीसोबत कन्नडही लिहावयाची असल्यास तिसरा कळफलक त्याच यादीत बसतो.

मराठीतील 'ऱ्य' व 'ऱ्ह' यांचा प्रश्न स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत विद्यापीठ व स्वयंपाकघर यांच्याएवढे अंतर आहे. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'जे'च्या कळीवर 'र' असतो, तर शिफ्टसह तीच कळ दाबली असता 'ऱ' उमटतो. 'ऱ', हलन्त व 'य' या क्रमाने कळा दाबल्या की 'ऱ्य' तयार होतो. तथापि हेच रूप साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही मिळविता येते. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. यामुळे एकाने लिहिलेला 'दुसऱ्या' हा शब्द दुसऱ्याने शोधला तर सापडत नाही. हा दोष लिनक्सचा नाही. तो युनिकोड वापरणाऱ्या प्रत्येक प्रणालीत आढळतो. सामूहिक लेखनात, उदाहरणार्थ महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल तयार करताना, सर्वांनी 'ऱ'चीच पद्धत वापरण्याचे आधीच ठरविले तर पुढील मनस्ताप टळतो.

'ल' आणि 'श' यांची कथा याहून वेगळी. मराठीचा पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' आणि हिंदीत रूढ असलेली त्यांची रूपे यांना युनिकोडमध्ये एकच क्रमांक आहे. कोणते रूप दाखवायचे हे फॉन्टमधील नियम ठरवितो आणि तो नियम मजकुराची भाषा पाहून लागू होतो. लोहित देवनागरीत असा नियम आहे. परंतु लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी अशी नोंदलेली असेल तर अक्षरे हिंदी वळणाचीच दिसणार. लिबरऑफिस रोमन लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या संयुक्त मांडणीच्या लिप्यांसाठी दुसरा, असे फॉन्ट, आकार व भाषा यांचे वेगवेगळे कप्पे ठेवते. सेटिंगमधील या दुसऱ्या कप्प्यात भाषा मराठी व फॉन्ट इच्छित देवनागरी असा एकदाच निश्चित केला की 'फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षर बदलत नाही' ही नेहमीची तक्रारही थांबते. लिबरऑफिसला नावे ठेवणाऱ्यांपैकी अनेकांनी हा कप्पा उघडून पाहिलेला नसतो.

शुद्धलेखन-तपासणीबाबत मात्र फारशी अपेक्षा ठेवू नये. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये एकापुढे एक जोडली जातात. 'विद्यापीठाकडूनसुद्धा' हा शब्द कोणत्याही यादीत जसाच्या तसा असण्याचा संभव कमी. त्यामुळे मराठी शब्दकोश जोडला तरी अनेक निर्दोष शब्दांखाली लाल रेघ उमटते आणि काही दिवसांत वापरकर्ता त्या रेघांकडे पाहणेच सोडून देतो.

जुन्या फॉन्टमधील संचित

आता सर्वांत जिव्हाळ्याचा विषय. महाविद्यालयांतील गेल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका, क्रमिक नोट्स, एम.फिल. व पीएच.डी.चे प्रबंध, चर्चासत्रांचे शोधनिबंध हे सारे श्री-लिपी, आयएसएम, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बंदिस्त आहेत. या फाइलींत मराठी अक्षरे नसतातच. तेथे रोमन अक्षरे व चिन्हे साठविलेली असून त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखविण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर फाइल उघडताच पडदा अगम्य रोमन चिन्हांनी भरून जातो आणि वापरकर्ता 'लिनक्सने फाइल खराब केली' असा निष्कर्ष काढतो. वस्तुतः लिनक्सने फाइलचे खरे रूप तेवढे उघडे पाडलेले असते. परवाना असलेली फॉन्टची फाइल लिनक्सच्या फॉन्ट-फोल्डरमध्ये ठेवली तर मजकूर वाचता येतो. परंतु ज्या कळफलक-चालकाने तो लिहिला तो विंडोजवरच चालत असल्याने दुरुस्ती करणे कठीण जाते.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच टिकाऊ उपाय होय. त्यासाठी परिवर्तक-आज्ञावल्या मिळतात, पण त्यांच्या चुका कोठे होतात हे ठाऊक असावे. जुने फॉन्ट डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने अक्षरे साठवितात. 'विकास' या शब्दात तेथे प्रथम ऱ्हस्व वेलांटी व मग 'व' येतो. युनिकोडमध्ये प्रथम 'व' व मग वेलांटी. 'धर्म' या शब्दात जुना फॉन्ट ध, म व शेवटी रफार असा क्रम ठेवतो. युनिकोड उच्चाराप्रमाणे रफाराचा 'र' 'म'च्या आधी ठेवते. परिवर्तकाला प्रत्येक ठिकाणी अशी उलटापालट करावी लागते. 'सर्वांना' यासारख्या शब्दात रफार व अनुस्वार एकाच जोडचिन्हात असतात, तेथे गफलत अधिक होते. म्हणून रूपांतरित मजकूर वाचताना इकार, रफार, 'ऱ्य' व जोडाक्षरे यांवर नजर केंद्रित केली तर बहुतांश चुका हाती लागतात. प्रत्येक फॉन्टची चिन्हयोजना वेगळी असल्याने मूळ फॉन्टचे नेमके नाव माहीत असणे आवश्यक असते. ज्या टंकलेखकांनी या फाइली तयार केल्या ते निवृत्त होत चालले आहेत. विभागातील कोणत्या फाइली कोणत्या फॉन्टमधील, याची माहिती त्यांच्याबरोबर जाण्याआधी लिहून घेतली पाहिजे.

देवाणघेवाण व मुद्रण

स्वतःच्या संगणकावर लिनक्स उत्तम चालले तरी अध्यापक एकटा काम करीत नाही. वर्ड प्रकारातील फाइल लिबरऑफिसमध्ये उघडते. पण ती मंगल या फॉन्टमध्ये असेल आणि तो लिनक्सवर नसेल तर पर्यायी फॉन्ट लागून ओळींची उंची बदलते व दोन पृष्ठांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पृष्ठावर जाते. इंग्रजी मजकुरात हा त्रास कमी होतो, कारण टाइम्स न्यू रोमन व एरियल यांच्याच मापाचे 'लिबरेशन' फॉन्ट २००७ पासून उपलब्ध आहेत. देवनागरीसाठी उपाय साधा आहे: ज्यात पुढे फेरफार व्हावयाचे नाहीत अशी फाइल पीडीएफ करून पाठवावी आणि सहकाऱ्यांसोबत लिहावयाच्या मजकुरासाठी दोन्ही प्रणालींवर बसविता येईल असा मुक्त फॉन्ट ठरवून घ्यावा.

मुद्रकांबाबतचा अनुभव मिश्र आहे. अनेक मुद्रक जोडताक्षणी चालतात. स्वस्त लेझर मुद्रकांपैकी काही मात्र पानाची मांडणी स्वतः न करता संगणकातील चालकावर सोपवितात आणि कंपनीने लिनक्ससाठी चांगला चालक दिला नसेल तर फार छळतात. नवा मुद्रक घेण्यापूर्वी ही चौकशी करणे शहाणपणाचे. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनसाठी व लेखाशाखेतील टॅलीसाठी विंडोजचा एखादा संगणक राखून ठेवणे सध्या तरी इष्ट आहे. ब्राउझरमधून होणारी कामे, म्हणजे ऑनलाइन तास, अर्ज व माहिती भरणे, दोन्हीकडे सारखीच चालतात.

संशोधनासाठी

सामाजिक शास्त्रांतील संशोधकांना एसपीएसएसचा परवाना परवडत नाही. त्याच धाटणीचे पीएसपीपी, तसेच आर ही भाषा, लिनक्सच्या भांडारातून थेट बसविता येते. संदर्भांच्या व्यवस्थापनासाठी झोटेरो आहे. मराठीच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडेल ते टेसरॅक्ट. छापील पानाच्या छायाचित्रातून मजकूर वेगळा काढणाऱ्या या आज्ञावलीसाठी मराठीची स्वतंत्र विदा उपलब्ध आहे. स्वच्छ छपाईवर ती समाधानकारक काम करते. जुन्या शिळाप्रेस ग्रंथांवर मात्र तिचा निभाव लागत नाही.

मोडी लिपीचा येथे उल्लेख करावयास हवा, कारण कोल्हापूर पुरालेखागारातील दप्तरांमुळे या परिसरात मोडीचे अभ्यासक आहेत. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. नोटो मालिकेतील मोडी फॉन्ट बसविला की लिनक्सवर देवनागरी लिप्यंतर आणि मोडी मूळ एकाच पानावर समोरासमोर ठेवता येतात. हस्तलिखितातील शिरोरेघेची लय फॉन्टमध्ये उतरत नाही, हे खरे. पण शब्दसूचीसाठी त्याची गरजही नसते.

साहाय्य व जबाबदारी

लिनक्सला 'कस्टमर केअर' नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. दुरुस्तीच्या दुकानात लिनक्सचा संगणक नेला तर बहुधा 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो' असेच उत्तर मिळते. म्हणून शिकण्याची सोय जवळ असणे महत्त्वाचे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस, लाटेक इत्यादींवरील छोटे पाठ असून त्यांतील अनेक मराठी ध्वनीसह उपलब्ध आहेत. एका खिडकीत पाठ व दुसऱ्या खिडकीत प्रत्यक्ष काम, अशी त्यांची रचना आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट कार्यरत राहिला आहे. जिल्ह्यातील कला-वाणिज्य महाविद्यालयांनी अशा गटांशी संबंध जोडण्यास कोणतीच आडकाठी नाही.

संस्थात्मक पातळीवर दोन उदाहरणे बोलकी आहेत. केरळच्या शासकीय शाळांत मुक्त आज्ञावल्यांवर आधारित संगणक-शिक्षण दीर्घकाळ टिकले, कारण तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण, मल्याळममधील साहित्य व राज्याचे स्वतःचे वितरण यांची सांगड घातली गेली. याउलट जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले, पण २०१७ मध्ये तेथील सभागृहाने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. त्यामागे राजकारण होते तसेच बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण करतानाच्या अडचणीही सांगितल्या गेल्या. महाविद्यालयाने एका सुट्टीत सगळी प्रयोगशाळा बदलून टाकण्याऐवजी प्रथम ग्रंथालयातील वाचकांसाठीचे संगणक, नंतर विभागांतील जुने संगणक व सर्वांत शेवटी कार्यालय हा क्रम धरावा. कार्यालयातील जुन्या फॉन्टच्या फाइलींचे रूपांतर पूर्ण होईपर्यंत तेथील विंडोजचा एक संगणक, इंटरनेटपासून तोडून का होईना, चालू ठेवावा लागेल.